खतावणीतील बासष्ट रुपये

न्हावा शेवा हे नाव आज उच्चारले, की डोळ्यांपुढे येतात त्या उंच क्रेन, कंटेनरांच्या रंगीत भिंती आणि रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रेलरांच्या रांगा. २६ मे १९८९ रोजी येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि हे दोन शब्द जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांवर लिहिले जाऊ लागले. त्यापूर्वी ती केवळ दोन गावांची नावे होती. भरतीचे पाणी अडवणारे बांध, बांधाआड भाताची खाचरे, उरणच्या बाजूला मिठागरे, खाडीत नांगरलेल्या होड्या आणि समोर घारापुरीचा डोंगर, एवढाच त्या किनाऱ्याचा संसार होता. त्या संसाराला तांदूळ, डाळ, गूळ, तेल आणि रॉकेल पुरवणारे एका श्रावकाचे लहानसे दुकान शेवा गावात होते.

गेल्या चातुर्मासात, पर्युषणाला थोडेच दिवस उरले असताना, त्या दुकानाचे मालक वयाच्या ८६ व्या वर्षी उरण येथील राहत्या घरी, नवकार ऐकत ऐकत निवर्तले. येथे त्यांचे नाव छापलेले नाही. आयुष्यभर त्यांनी दिलेल्या कोणत्याही देणगीच्या तक्तीवर आपले नाव कोरू दिले नाही. मृत्यूनंतरही तो नियम मोडू नये, अशी कुटुंबीयांची इच्छा आहे. घरात त्यांना बाऊजी म्हणत, गावात शेठ. या दोन हाकांमध्ये त्यांचे सारे आयुष्य सामावलेले होते.

बाऊजींचे वडील राजस्थानातील गोडवाड भागातून पोटापाण्यासाठी या किनाऱ्यावर आले. १९५७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बाऊजी दुकानाच्या गादीवर बसले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशात नवे पैसे आले होते. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. पाव पैशाचे नाणे तर कोठेच नव्हते. गिऱ्हाईक गोंधळून जाई आणि प्रत्येक आण्यामागे पाव पैसा कोणाचा, हा प्रश्न दिवसातून शंभरदा उभा राही. बाऊजींनी पहिल्याच आठवड्यात ठरवले, की तो पाव पैसा गिऱ्हाइकाचा. पुढे शेर जाऊन किलो आला, तेव्हाही तसेच झाले. एक शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. शेराच्या भावात किलो मागणारे आणि किलोच्या नावाखाली शेर देणारे, असे दोन्ही प्रकार त्या काळी बाजारात होते. बाऊजींनी भिंतीवर खडूने हिशेब लिहून ठेवला आणि ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्यासमोर जुने व नवे माप एकाच तागडीत तोलून दाखवले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे, असा त्याचा अर्थ. बाऊजींचे शालेय शिक्षण बेताचेच होते, परंतु पाठशाळेत शिकलेला हा शब्द ते कधी विसरले नाहीत. तागडीचा काटा स्थिर झाल्यावर वर आणखी एक चिमूट धान्य टाकण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत कायम होती.

कोळीवाड्याच्या उंबरठ्यावर दुकान चालवणाऱ्या जैन माणसापुढे काही प्रश्न रोजच उभे राहतात. जाळ्यासाठी सूत, गळ आणि तत्सम वस्तू ठेवल्या असत्या, तर दुकानाची कमाई सहज वाढली असती. हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे हा श्रावकासाठी अनर्थदंड मानला गेला आहे. बाऊजींनी त्या वस्तू दुकानात कधी ठेवल्या नाहीत. मात्र त्याबद्दल कोणाला उपदेशही केला नाही. “मीठ घेणारा ते डाळीत घालतो की सुकवायच्या मासळीवर, हे विचारण्याचा अधिकार मला नाही,” असे ते म्हणत. आपला नियम आपल्यापुरता आणि समोरच्याची भूक ही भूकच, या दोन गोष्टींची त्यांनी कधी सरमिसळ केली नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागत, तेव्हापासून नारळी पौर्णिमेपर्यंत अर्धा कोळीवाडा त्यांच्या उधारीवर जगत असे. “शेट, लिवून ठेवा,” एवढे म्हणून बायका तांदूळ नेत आणि शेठ लिहून ठेवीत.

सूर्यास्तापूर्वी जेवण, हा त्यांचा नेम गावालाही पाठ होता. उन्हे कलली, की दुकानासमोर खेळणारी कोळ्यांची पोरेच ओरडत, “शेट, दिस बुडतोय, जेवून घ्या!” शेठ मागील खोलीत जाऊन जेवून येत आणि पुन्हा गादीवर बसत. तेवढ्या वेळात गल्ला उघडाच असे.

घरातील बाऊजी दुकानातील शेठपेक्षा अधिक मोकळे होते. पत्नीने वर्षीतप केले, त्या वर्षी ते रोज पहाटे उठून पाणी उकळून, गाळून, थंड करून ठेवीत. एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे, अशी ती तेरा महिन्यांची साधना अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पूर्ण झाली. नातेवाइकांनी पत्नीचे अभिनंदन केले, तेव्हा ते हसून म्हणाले, “तप तिचे, चूल माझी.” थोरली मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली, तेव्हा मोऱ्याच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्यापर्यंत लाँचने जावे लागे. पहिला आठवडाभर ते दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेले. आठव्या दिवशी धक्क्यावर उभे राहून लाँच दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले आणि मग दुकान उघडले. त्या किनाऱ्यावरील दुकानदारांत मुलीला समुद्रापलीकडे शिकायला पाठवणारे ते पहिल्या काहींपैकी होते.

त्यांच्या स्वभावात एक उणीव होती. राग आला, की शब्दांवर ताबा राहत नसे. राग पाच मिनिटांत उतरे, मग पश्चात्तापाने ते रात्रभर जागत. संवत्सरीच्या दिवशी बाऊजींची क्षमायाचना औपचारिक नसे, याचे कारण कदाचित हेच होते. क्षमा कशाची मागायची, हे त्यांना नेमके आठवत असे.

ऐंशीच्या दशकात त्या किनाऱ्याचे दिवस फिरले. बंदर आणि नव्या शहरासाठी जमिनी संपादित होत होत्या. योग्य मोबदल्याच्या मागणीसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्यांच्या स्मृतीस आजही दरवर्षी त्या दोन दिवशी अभिवादन केले जाते. पुढे बंदराच्या जागेतील गाव उठले. शेव्यातील कोळी कुटुंबे उरणजवळ बोरीपाखाडी येथे वसवण्यात आली. त्या वस्तीला आज हनुमान कोळीवाडा म्हणतात. बाऊजींनीही शेव्यातील दुकान आवरले आणि उरणच्या बाजारात भाड्याचा गाळा घेतला.

गाव उठत असताना अनेकांनी त्यांना सल्ला दिला, की मोबदल्याचे पैसे लोकांच्या हाती पडताच उधारी वसूल करा, पुन्हा ही माणसे भेटणार नाहीत. बाऊजी कोणाच्याही दारात गेले नाहीत. जे आपणहून आले, त्यांच्याकडून त्यांनी पैसे घेतले. जे आले नाहीत, त्यांची पाने त्यांनी पुढच्या दिवाळीत तिरकी रेघ मारून बंद केली. “येणे विसरता येते,” असे ते मुलांना सांगत, “देणे विसरता येत नाही.”

या वाक्याचा पुरता अर्थ मुलांना कळला, तो वडील गेल्यावर.

उठावणा झाला. देह सोडलेला जीव काही समयांतच पुढील जन्म धारण करतो, असे आपले दर्शन सांगते. म्हणून पिंडदानाने वा श्राद्धाने त्याला काही पोहोचते, असे आपण मानत नाही. मागे राहिलेल्यांनी काय करायचे, हा प्रश्न मात्र राहतोच. दोन्ही मुलांनी आणि थोरल्या मुलीने ठरवले, की बाऊजींच्या वह्या पाहायच्या. कोणाचे काही देणे राहिले असेल, तर ते आधी चुकते करायचे.

लाल कापडी बांधणीच्या वह्या लाकडी पेटीत वर्षवार रचलेल्या होत्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर दिवाळीतील चोपडापूजनाचा मजकूर होता. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी लाभो, ही परंपरेने चालत आलेली प्रार्थना. आणि प्रत्येक खतावणीच्या शेवटच्या पानावर, वर्षानुवर्षे, एकच नोंद पुढे ओढलेली होती:

‘शेवा. होडीवाल्या घरची थोरली सून. देणे रुपये ६२.’

स्थलांतराच्या वर्षापासून ते गेल्या दिवाळीपर्यंत, एकही वर्ष सुटले नव्हते. दुकान थोरल्या मुलाकडे आले, हिशेब संगणकावर गेला, तरी बाऊजी दर दिवाळीला एक वही आणीत, पूजन करीत आणि शेवटच्या पानावर ही एक ओळ लिहीत. शेवटच्या वहीत दुसरे काहीच नव्हते.

थोरल्या मुलाला त्या घराची आठवण होती. तो बारा-तेरा वर्षांचा असताना, एका पावसाळ्यात, त्या घरचा तरुण कर्ता पुरुष तांदूळ मागायला दुकानात आला होता. मागील हंगामाची बरीच बाकी होती. त्या दिवशी बाऊजींना स्वतःलाच घाऊक व्यापाऱ्याचा तगादा लागला होता. चार गिऱ्हाइकांसमोर ते त्याच्यावर ओरडले, “आधी मागचे फेड, मग तोंड दाखव!” तो माणूस काही बोलला नाही. रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि पावसातून निघून गेला. पुन्हा तो दुकानाची पायरी चढला नाही. गाव उठण्याच्या सुमारास त्याची बायको आली, पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, सारी बाकी मोजून दिली आणि गेली. रात्री रोजमेळ लावताना बाऊजींना कळले, की ती बासष्ट रुपये जास्त देऊन गेली होती.

उरणच्या बाजारापासून हनुमान कोळीवाडा काही दूर नाही. मग इतक्या वर्षांत बाऊजी तेथे गेले का नाहीत? धाकट्या मुलाला याचे उत्तर ठाऊक होते. एकदा संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तो वडिलांना घेऊन वस्तीच्या तोंडापर्यंत गेला होता. बाऊजी थोडा वेळ रस्त्याकडेला उभे राहिले आणि “चल, परत जाऊ,” म्हणाले. पुढे तो कोळी वारल्याचे त्यांच्या कानावर आले. त्यानंतर त्यांनी त्या वस्तीचा विषय काढला नाही. बासष्ट रुपये कोणाच्याही हाती पाठवता आले असते. क्षमा मात्र दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नाही, आणि ती ज्याच्याकडे मागायची, तो आता राहिला नव्हता.

मुलांमध्ये विचारविनिमय झाला. थोरला म्हणाला, “या बासष्ट रुपयांत आपण मोठी रक्कम घालू आणि बाऊजींच्या स्मरणार्थ पांजरापोळाला देऊ. जीवदयेहून चांगले काय?” बहिणीने मान हलवली. ती गेली अनेक वर्षे पाठशाळेत मुलांना शिकवते. ती म्हणाली, “जीवदयेला आपले पैसे देऊ. हे आपले नाहीत.” सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ सांगितला आहे. ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरून कमी मागत असेल आणि ठेवणाऱ्याने “हो, तेवढीच होती” असे म्हणून उरलेली आपल्याकडे राहू दिली, तर तो दोष होय. येथे तर मागायलाही कोणी आले नव्हते. दुसऱ्याच्या पैशांनी केलेले दान वडिलांच्या नावे कसे लावायचे?

“पण एवढ्या वर्षांनी जाऊन काय सांगायचे?” धाकट्याने विचारले. “लोक हसतील.”

तेव्हा तिने भावांना उपासकदशांगातील आनंद श्रावकाची कथा आठवून दिली. वाणिज्यग्रामाचा हा गृहस्थ. प्रपंचाचा भार थोरल्या मुलावर सोपवून पौषधशाळेत साधना करू लागला आणि अखेरच्या काळात त्याला अवधिज्ञान झाले. भिक्षेसाठी निघालेले गौतमस्वामी त्याला भेटले, तेव्हा त्यांना वाटले, गृहस्थाला एवढ्या विस्ताराचे ज्ञान होणे शक्य नाही; त्यांनी आनंदाला प्रायश्चित्त घ्यायला सांगितले. भगवान महावीरांनी मात्र निर्णय दिला, की आनंदाचे म्हणणे खरे आहे, क्षमा गौतमाने मागायची आहे. आणि भगवंतांचे पहिले गणधर, चोपड्याच्या पहिल्या पानावर ज्यांचे नाव आपण लिहितो ते गौतमस्वामी, पावली परत फिरले आणि एका गृहस्थाच्या दारी जाऊन त्यांनी क्षमा मागितली. “ते जाऊ शकतात,” बहीण म्हणाली, “तर आपण बाजारातून बोरीपाखाडीला जाऊ शकत नाही?”

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तिघेही भावंडे हनुमान कोळीवाड्यात गेली. दाटीने वसलेली घरे, वाळवीने पोखरलेली दारे-चौकटी, पुन्हा एकदा पुनर्वसन व्हावे म्हणून वर्षानुवर्षे मागणी करणारी माणसे. ‘शेव्यातील होडीवाल्यांची थोरली सून’ एवढ्या पत्त्यावर दोन-तीन घरे विचारावी लागली. ती आता सत्तरीच्या पुढची आजी होती. ओटीवर बसून लसूण सोलत होती.

थोरल्या मुलाने वही उघडून दाखवली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने ओळ वाचली आणि बासष्ट रुपये तिच्यापुढे ठेवले. मग हात जोडून म्हणाला, “मावशी, बाऊजी तुमच्या घरधन्याला चार लोकांत बोलले होते. ते त्यांना आयुष्यभर लागून राहिले. त्यांच्या वतीने आम्ही क्षमा मागायला आलो आहोत.”

आजी बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग तिने नोटांवर हात ठेवून त्या परत सरकवल्या.

“हे पैसे जास्तीचे नाय आले, बाला,” ती म्हणाली. “मी मोजून दिलते.”

मग तिने सांगितले, ते त्या तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. नवरा रिकाम्या पिशवीने घरी आला, त्या रात्री दिवे लागल्यावर दार वाजले. दारात शेठची बायको उभी होती, डोक्यावर इरले आणि काखेत तांदळाचे गाठोडे. “तुमची आयस बोलली, ह्यो तांदूळ दुकानचा नाय, माझ्या घरचा हाय. शेटना सांगू नको.” चार पायल्या तांदूळ होता. त्या पावसाळ्यात तो पुरवून पुरवून खाल्ला. पुढे पैसे हाती आले, तेव्हा तिने दुकानची बाकी फेडली आणि त्या तांदळाचे बासष्ट रुपये त्यातच मिळवून दिले. कोणाला सांगायचे नाही, असा शब्द दिलेला होता, म्हणून तिने ते वेगळे करून सांगितले नाही.

“आनि माझा घरवाला,” ती थोडे थांबून म्हणाली, “राग धरून नव्हता. त्याला माहीत व्हतं तांदूळ कुठून आला त्यो. दुकानात जायची त्याला लाज वाटायची, येवढंच.”

ओटीवर कोणी काही बोलले नाही. एका बाजूला एक माणूस लाजेने दुकानाची पायरी चढला नाही. दुसऱ्या बाजूला दुसरा माणूस लाजेने वस्तीच्या तोंडावरून परत फिरला. दोघांच्या मध्ये काही किलोमीटरचा रस्ता होता आणि दोघेही एकमेकांना क्षमा करून बसले होते. ज्या एका व्यक्तीला दोन्ही बाजू ठाऊक होत्या, ती बाऊजींची पत्नी. तिच्या हातून वह्या कधी गेल्या नाहीत आणि शेवटच्या पानावरील ती ओळ तिने कधी पाहिली नाही. बाऊजींच्या आधी काही वर्षे ती गेली. चार पायल्या तांदळाची गोष्ट तिने जन्मभर कोणाला सांगितली नव्हती. नाव न लावता दान करण्याचा नेम घरात केवळ बाऊजींचाच नव्हता, हे मुलांना त्या ओटीवर कळले.

पैसे कोणाचे, हा प्रश्न मात्र सुटला नाही. भावंडे म्हणाली, ते आजीचे. आजी म्हणाली, ते तांदळाचे, म्हणजे त्यांच्या आईचे. अखेरीस आजीनेच तोड काढली. तिची पणती अंगणवाडीत जाऊ लागली होती. “तुमच्या आयसच्या नावानं तिला पाटी घेऊन द्या,” ती म्हणाली. परतताना तिने तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि थोरल्याला विचारले, “शेट जेवायचे दिस बुडायच्या आधी. शेवटपातूर जेवले का तसे?” “हो,” तो म्हणाला.

बाऊजींच्या हयातीत, १२ जानेवारी २०२४ रोजी, शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्यानंतर काही दिवसांनी नातवाने त्यांना त्या पुलावरून नेले होते. मुंबईच्या उंच इमारतींकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. किनारा जवळ आला, तसे ते काचेला कपाळ टेकवून क्रेनच्या पायथ्याशी काही शोधत राहिले. “इथेच कुठेतरी दुकान होते,” एवढेच ते म्हणाले. नातवाला वाटले, आजोबा जागा शोधत आहेत. आज त्याला वाटते, ते एक रिकामी पिशवी काखेत धरून पावसात निघालेला माणूस शोधत असावेत.

यंदाच्या दिवाळीत थोरल्या मुलाने वही आणली. पहिल्या पानावर नेहमीचा मजकूर लिहिला, शेवटच्या पानावर बाऊजींची ओळ पुन्हा एकदा उतरवली आणि तिच्यासमोर लिहिले: ‘आईने आधीच चुकते केले होते. मिच्छामि दुक्कडम्.’ मग वडील येणे मिटवताना मारीत, तशीच एक तिरकी रेघ मारून त्याने ते पान बंद केले.